घाडीकाकांचं कॉसचं गाऱ्हाणं

रामदास घाडी ह्या माणसाच्या तोंडून मी कधी अशुभ शब्द ऐकलेला नाही. हे कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. ह्यांच्या शुभ बोलण्यापायी माझ्या अख्ख्या बॅचची वाट लागता लागता राहिली, आणि त्या बॅचमध्ये ह्यांची स्वतःची मुलगी होती.

मी दीपिका जाधव. राहते घोडपदेवला आणि काळाचौकीत एका चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, गणिताचा क्लास घेते. अकरावी, बारावी आणि सीईटी. मला पोरं तोंडावर मिस म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे नको. मी चिडकी आहे हे मात्र मान्य. घाडीकाका ह्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दादरला पडद्यांच्या कापडाच्या दुकानात सेल्समन आहेत. गिऱ्हाइकाने मागितलेला रंग दुकानात नसला तर काका ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘येतोय’ म्हणतात. गिऱ्हाईक बिचारं चकरा मारत राहतं. मीसुद्धा मोरपिशी पडद्यांसाठी मारल्या आहेत.

आता थोडंफार असं आपण सगळेच बोलतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बाईची बांगडी फुटत नाही, वाढते. जाताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. इथवर ठीक आहे. पण काका इथे थांबत नाहीत. त्यांच्या घरात कप वाढतो, चप्पल वाढते, मोबाइलची काच वाढते. मागे त्यांचा फ्रिज बिघडला तेव्हा मला म्हणाले, मिस, फ्रिज जरा शांत झालाय. त्यांची बायको कांताकाकी ह्या बोलण्याला इतकी सरावलीय की कपबश्यांचा हिशेबही ती तसाच देते. सहा होते, वाढून पाच झाले.

तर असे हे काका चाळीचे गाऱ्हाणं घालणारे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या माणसांकडे काहीही शुभकार्य असलं की देवापुढे उभं राहून एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, एका दमात, मालवणीत. आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” आमच्या घरात हे नाही. आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं, तिथे कोणी कोणाकडे काही मागत नाही. पण ऐकायला मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. गणपतीत, सत्यनारायणाला, कुणी नवी स्कूटर घेतली तरी काकांना बोलावणं असतं. डोळे मिटतात, नारळावर हात ठेवतात आणि सुरू होतात. त्या स्कूटरच्या हॉर्नपासून गावच्या सीमेवरच्या देवापर्यंत सगळे त्यात येतात. मध्ये एक शब्द अडत नाही. मला फळ्यापुढे पंधरा वर्षं झाली, मी अडखळते. काका नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी अक्षता. गणितात माझ्या क्लासची पहिल्या नंबरची मुलगी. नुसती हुशार नाही, तिला गणित आवडतं, आणि असं मूल मला वर्षाला एक मिळालं तरी माझं भागतं. पण मागच्या वर्षी सीईटीच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसल्यावर तिच्या डोक्यातून सगळे फॉर्म्युले गेले. एकूण एक. पेपर संपेपर्यंत ती स्क्रीनकडे बघत बसली होती. बाहेर आल्यावर काकांनी तिला विचारलं की पाठ होतं ना, मग विसरलीस कशी. रागावून नाही, खरंच न कळून. ज्या माणसाला आयुष्यात शब्द अडला नाही त्याला ते कळणार तरी कसं? पण अक्षताला ते इतकं लागलं की त्यानंतर तिने घरात परीक्षेचा विषय काढणं सोडून दिलं. हे मला तिने क्लासमध्ये बसून, नाक पुसत सांगितलं होतं.

तिने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असं घरात ठरलं. मात्र हे शेवटचं. यंदा नाही झालं तर मुकाट्याने बी.एस्सी.ला नाव घालायचं आणि इंजिनीअरिंग हा शब्द विसरायचा. ह्याच्यावर कांताकाकीने तिच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं. तेव्हा माझ्या दृष्टीने त्या वर्षी एकच काम होतं. अक्षताचे फॉर्म्युले हॉलमध्ये तिच्या डोक्यात राहिले पाहिजेत.

आता फॉर्म्युल्यांबद्दल माझं मत ऐका, कारण ह्यावर मी भांडते. मोठमोठे लोक सांगतात की घोकंपट्टी करू नका, समजून घ्या. अहो, समजून घ्याच. कोण नाही म्हणतंय? पण सीईटीत एका गणिताला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तिथे बसून कॉस ए प्लस बी सिद्ध करत बसलात तर बाकीचे पेपर संपवून घरी जाऊन जेवतील. काही गोष्टी पाठच लागतात. कंपाउंड अँगलचे, डेरिव्हेटिव्हचे, इंटिग्रेशनचे, वर्तुळाच्या स्पर्शिकेचे. मध्यरात्री उठवून विचारलं तरी आले पाहिजेत. मी पोरांना ते मोरीच्या दारावर, फ्रिजवर, मोबाइलच्या कव्हरवर चिकटवायला लावते. प्रितीने आजीच्या पाठीमागच्या भिंतीवर चिकटवले होते, म्हणजे आजीशी बोलताना अभ्यास होतो.

अक्षता गॅलरीत फेऱ्या मारत पुटपुटायची. दुकानातून घरी आलेले काका रोज ते बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी तिला थांबवलं आणि सांगितलं की तुझं हे जे काय आहे ते मला एकदा वाचून दाखव, मी त्याचं गाऱ्हाणं करून देतो. गाऱ्हाणं कधी कोण विसरत नाही. वर्षभरात पहिल्यांदा बाप परीक्षेबद्दल बोलत होता, आणि कशी विसरलीस असं विचारत नव्हता. अक्षताने पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. काकांनी ते मनात घोळवलं, दुकानात पडदे मोजता मोजता जुळवलं आणि आठवडाभरात गाऱ्हाणं तयार झालं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझ्या बॅचची पोरं संध्याकाळी क्लास सुटला की घरी न जाता दुसऱ्या मजल्यावर पळतात, आणि वरून “व्हय म्हाराजा” ऐकू येतं. मला वाटलं कुणाकडे तरी पूजा आहे. ह्या चाळीत रोज कुणाकडे तरी पूजा असूच शकते.

मग मी सराव परीक्षा घेतली. आणि पेपर तपासायला बसले तर माझं डोकं फिरलं. अर्णव, प्रिती, नील आणि त्यांच्या बाकावरचे दोन मित्र, सगळ्यांचे फॉर्म्युले आले होते. एवढी वर्षं ज्या पोरांना टॅन ए प्लस बी आठवत नव्हता त्यांनी तो वळणदार अक्षरात लिहिला होता. फक्त जिथे जिथे वजा पाहिजे तिथे तिथे अधिक. एकजात. कॉस ए प्लस बी घ्या, कॉस ए कॉस बी प्लस साइन ए साइन बी. टॅनच्या खाली एक प्लस. कॉसचं डेरिव्हेटिव्ह प्लस साइन. इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्येसुद्धा प्लस, म्हणजे तर हद्दच झाली. चूक माणसाकडून होते, पण पाच जणांकडून एकच चूक, त्याच त्याच जागी, म्हणजे कॉपी. दुसरं काय असणार? आणि सगळ्यात खाली अक्षताचा पेपर होता. त्यात फॉर्म्युल्यांच्या जागा कोऱ्या होत्या. त्या कोऱ्या जागा बघून मला कॉपीपेक्षा जास्त राग आला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणांना उभं केलं आणि जे काय बोलायचं ते बोलले. मी बोलायला लागले की समोरच्या टपरीवरचं गिऱ्हाईकसुद्धा चहा खाली ठेवतं. शेवटी अर्णव, जो एरवी माझ्याशी बोलताना छताकडे बघतो, तो म्हणाला की मिस, देवाशपथ कॉपी नाही, आम्ही गाऱ्हाण्यातून लिहिलं. मी म्हटलं, कशातून? तेव्हा त्यांनी करून दाखवलं. प्रिती पुढे उभी राहिली, बाकीचे मागे हात जोडून.

“बा देवा म्हाराजा,” प्रितीने सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा.”

“आज ही तुझी लेकरां कॉस ए प्लस बीच्या दारात उभी रवली आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“तेंका पयलो मान कॉस-कॉसाच्या जोडयेचो दी.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि मागसून साइन-साइनाची जोडी येता, ती वाढव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” पोरांनी खिडक्या हलतील असं म्हटलं. नीलने तर डोळे मिटले होते.

‘वाढव’ हा शब्द माझ्या कानात शिरला आणि मी खुर्चीवर बसले. सगळा झोल लख्ख कळला. ह्या माणसाने देवापुढे ‘वजा’ म्हणायचं नाही म्हणून ‘वाढव’ म्हटलं होतं. नारळासारखं. दुकानासारखं. आणि ह्या पोरांनी, ज्यांना वाढव म्हणजे प्लस एवढंच ठाऊक, ते सरळ प्लस करून टाकलं होतं. चूक कुणी पकडायची? गाऱ्हाण्यात मागे उभ्या असलेल्यांचं काम एकच, व्हय म्हाराजा म्हणायचं. नाय म्हाराजा असं म्हणायची पद्धतच नाही.

पेपर हातात घेऊन मी जिना चढले. काका नुकतेच दुकानातून आले होते, लेंगा घालून चहाची वाट बघत होते. मी त्यांना पेपर दाखवला, ‘वाढव’ म्हणजे बेरीज होते हे समजावलं, आणि आवाज जरा चढवूनच समजावलं. काकांना आधी मी थट्टा करतेय असंच वाटलं.

“वाढव म्हणजे ताच ना गो मिस,” ते म्हणाले. “नारळ वाढवल्यार दोन नारळ होतत काय?”

ह्याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही द्या. मी म्हटलं की भाग दोन होतात. तेवढ्यात कांताकाकीने चहा आणला आणि नवऱ्याची बाजू घेतली. तिचे कप वाढून पाचच झाले होते, सात झाले नव्हते, तर पोरांचंच काहीतरी चुकत असणार, असं तिचं म्हणणं. नवराबायको दोघे मिळून माझं म्हणणं बरोबर ठरू देईनात. एक क्षण मलाही वाटलं की गणितवाल्यांनीच हा शब्द चुकीचा वापरलाय.

अक्षता दारात उभी होती. मी तिला विचारलं की बाकीच्यांनी प्लस तरी लिहिलं, तू कोरं का सोडलंस. ती म्हणाली की ती सगळ्यात जास्त अडकली, कारण तिला दोन्ही वाढव माहीत आहेत. हे बाबांचं वाढव की पुस्तकातलं, हेच तिला तिथे बसून ठरवता येईना. ठरवत बसली आणि मग मागच्या वर्षीसारखं सगळं गेलं.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या चढ्या आवाजाची लाज वाटली. मुलीसाठी इतक्या हौसेने केलेली गोष्ट तिच्याच मुळावर आली, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. “मोडून टाका ता गाऱ्हाणा,” ते म्हणाले. कांताकाकी दचकून त्यांच्याकडे बघायला लागली. मोडून हा शब्द ह्या घरात बहुतेक पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

पण आता ते मोडूनही चालणार नव्हतं. पोरांच्या कानात एकदा सूर बसला की तो खरवडून निघत नाही, हे मी चांगलं जाणते. परीक्षा तोंडावर आली होती. गाऱ्हाणं ठेवायचं आणि तेवढा एक शब्द बदलायचा, हाच मार्ग होता. मी काकांना म्हटलं, सरळ ‘वजा कर’ म्हणा, देव काय रागावत नाही. त्यांनी प्रयत्न केला. खरंच केला. ‘साइन-साइनाची जोडी’ इथवर आले आणि त्यांना खोकला सुटला. पाणी प्यायले, पुन्हा आले, पुन्हा खोकला. ‘उणे’ म्हणून बघा म्हटलं तर दोन्ही हातांनी कान धरले. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

सोडवलं शेवटी कांताकाकीने, तेही सांडशीने पातेलं उतरवता उतरवता. ती म्हणाली की गाऱ्हाण्यात शेवटी इडापिडा भायर घालतास ना, मगे त्या साइनाक भायर घाला. काका तिच्याकडे बघतच राहिले. बाहेर घालणं म्हणजे वजाच, शिवाय शब्द गाऱ्हाण्यातलाच, देवाला आधीपासून ठाऊक असलेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकांनी बायकोकडे त्या दिवशी बघितलं तसं माझ्यादेखत तरी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नवं गाऱ्हाणं सुरू झालं. आणि मागसून येता ती साइन-साइनाची पिडा, ती भायर घाल रे म्हाराजा. पोरांना तर हे जास्तच आवडलं. भायर म्हणताना हात उचलून काहीतरी लांब फेकल्यासारखं करायचं, हा अर्णवचा शोध. मी क्लासमध्ये नुसतं ‘टॅन ए प्लस बी’ म्हटलं की पाच हात फेकले जायचे. एकदा नीलचा हात प्रितीच्या चष्म्याला लागला आणि चष्मा, काय सांगू, वाढला. मग काका मला विचारायला आले की सीईटीत चुकल्यावर गुण भायर घालतात का. मी सांगितलं, नाही, चुकलं तरी काही कापत नाहीत. तेव्हा त्यांनी हात जोडून वर बघितलं आणि म्हणाले की पेपर काढणारो माणूस देवमाणूस असा. सीईटीच्या पेपराला देवमाणसाचं काम म्हणणारा दुसरा बाप मला भेटलेला नाही.

बाकीचे रुळावर आले, पण अक्षता आली नाही. तिच्या डोक्यात आता तीन आवाज भांडत होते, पुस्तकाचा, वाढवचा आणि भायरचा. मी तिला माझी युक्ती दिली. शंका आली की नव्वद-नव्वद घालून बघ. नव्वद आणि नव्वद एकशेऐंशी, त्याचा कॉस वजा एक. कॉस नव्वद शून्य, साइन नव्वद एक. आता प्लस घातलास तर उत्तर एक येतं, मायनस घातलास तर वजा एक. म्हणजे खरं कोणतं ते फॉर्म्युला स्वतःच सांगतो. तिला ते पटलं, तिने करूनही दाखवलं. मग वही मिटताना म्हणाली, “मिस, तिथे गेल्यावर नव्वदपण विसरले तर?”

खोटा धीर द्यायला मला जमत नाही. मी तिला पाव आणून खायला घातला आणि घरी पाठवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी चाळीच्या खालच्या देवळीपुढे सगळे जमले. म्हणजे देवळी एवढीशी आणि माणसं जिन्यापर्यंत. पाच पोरं आणि अक्षता, त्यांच्या आया, प्रितीची आजी, आणि एका बाजूला मी. आज गाऱ्हाणं फॉर्म्युल्यांचं नव्हतं, नेहमीचं होतं, पोरांना यश दे म्हणून. काका धुतलेला शर्ट घालून पुढे आले, नारळावर हात ठेवला, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा,” ते म्हणाले.

“व्हय म्हाराजा.”

“आज ही जी काय…”

आणि थांबले. आम्हाला वाटलं श्वास घेतायत. मग वाटलं घसा बसला. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मागे कुणी काहीच म्हणेना, कारण व्हय म्हणायला काही मागितलंच नव्हतं. कांताकाकीने पुढचं वाक्य हळूच सांगितलं. काकांनी ते ऐकलं आणि कधी ऐकलंच नव्हतं अशा नजरेने तिच्याकडे बघितलं. कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. स्कूटरींसाठी, फ्लॅटसाठी, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी ह्या माणसाने देवाला हक्काने हाका मारल्या होत्या, आणि आज स्वतःच्या मुलीसाठी उभा राहिला तर गळ्यात काहीच नव्हतं. मला वाटलं, झालं, आता पोरगी हॉलमध्ये जायच्या आधीच खचणार.

“माका आठवणा नाय गो,” काका अक्षताला म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले. “पाठ असा माझा. सगळा पाठ असा. पण आठवणा नाय.”

अक्षता पुढे आली आणि तिने त्यांचा नारळावरचा हात धरला. “असंच होतं, बाबा,” ती म्हणाली.

मी त्या दोघांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते देवासाठी नव्हतं.

ती म्हणाली, “घाई नका करू. कुठे जात नाही ते. जे काय येतंय तेवढंच म्हणा.”

ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं ते ही मुलगी उभ्या उभ्या बापाला देत होती. काकांनी मान हलवली. त्यांना जे काय येत होतं ते होतं फक्त मागच्या लोकांचं वाक्य. “व्हय म्हाराजा,” ते म्हणाले. मागचे लोक गोंधळले. मग सवयीने त्यांनीही म्हटलं, “व्हय म्हाराजा.” काकांनी पुन्हा म्हटलं, लोकांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी प्रितीची आजी खुदकन हसली, तिच्यामागे पोरं हसली, अक्षता हसली, आणि त्या हसण्यात काकांचा आवाज सुटला. ही जी काय लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत म्हाराजा, असे जे निघाले ते कॉम्प्युटरची वायर, सेंटरवरचा पंखा, पेपर काढणारा तो देवमाणूस, सगळ्यांना त्यात घेऊनच थांबले. नारळ एका दणक्यात वाढला.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. अक्षताला सिव्हिल मिळालं, माटुंग्याच्या बाजूला, घरापासून एका बसवर. अर्णवला लांबचं कॉलेज मिळालं आणि त्याची आई त्यावर खूश आहे. मला सगळ्यात जास्त आठवतं ते मात्र निकालाच्या दिवसाचं नाही, परीक्षेच्याच दिवशी दुपारचं, सेंटरच्या फाटकाबाहेरचं.

काकांनी दुकानात रजा टाकली होती. फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी, पोरं बाहेर पडायला लागली तसा सगळीकडे एकच प्रश्न, कसा गेला, सोपा होता का, किती सोडवले. अक्षता आली. केस विस्कटलेले, हातात हॉल तिकिटाची सुरळी. मी विचारायला तोंड उघडलं, पण काका पुढे झाले.

“इसारलंस काय गो?” त्यांनी विचारलं.

“विसरले. मधेच सगळं गेलं.”

“मगे?”

“मग थांबले. तुमच्यासारखं व्हय म्हाराजा म्हटलं मनात. आलं हळूहळू.”

“माझा पण तसाच इला,” काका म्हणाले. “आधी येक शब्द इलो, मगे तेच्या पाठसून सगळे.”

“माझं पण पहिलं एकच आलं. नव्वद.”

आणि ते दोघं चालायला लागले. बस स्टॉपच्या दिशेने, उन्हातून, एकमेकांना सांगत, की सगळं जातं तेव्हा कानात कसा आवाज येतो, हात कसे गार पडतात, आणि समोरचे लोक कसे लांब गेल्यासारखे वाटतात. एकाच गावाला जाऊन आलेली माणसं बोलतात तसे बोलत होते. मी मागून येत होते आणि रडत होते, त्याची मला काही लाज नाही. पेपर कसा गेला हे विचारायचं-सांगायचं दोघांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. स्टॉपवर पोचल्यावर शेवटी मीच विचारलं.